पाऊल सुजले, दुखणे कोठले?



आम्हां धर्मगुरूंना वर्षातून एकदा बारा जणांची पावले हाती घ्यावी लागतात. पवित्र गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सात तांब्यातले पाणी घालून ती धुवायची आणि पंचाने टिपायची, असा विधी आहे. २०१६ पासून या बारांत स्त्रियाही बसू शकतात. शेतात राबणाऱ्यांच्या टाचांच्या भेगा, नांगराच्या फाळाचे जुने वण, जोडव्यांनी पडलेले घट्टे हे सारे त्या दहा मिनिटांत दिसते. २०२२ सालच्या पवित्र गुरुवारी मला आणखी एक गोष्ट दिसली. तिच्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्या गृहस्थांनी नुकतीच आपण होऊन परवानगी दिली, म्हणून आज लिहितो. त्यांचे नाव व गाव मात्र सांगणार नाही.

साठी ओलांडलेले ते गृहस्थ चौथ्या खुर्चीवर बसले होते. त्यांचे पाऊल टिपताना माझा अंगठा घोट्याच्या वर थोडा दाबला गेला. हात काढला तेव्हा तेथे ओल्या मातीत बोट रुतावे तसा खळगा पडला होता, आणि मी पाचव्या खुर्चीशी पोचलो तरी तो भरून आला नव्हता. दुसऱ्या पायाचेही तसेच. नडगीवर दोन-तीन निळे-काळे डाग होते.

मिस्सानंतर मी त्यांना बाजूला घेतले. “काका, ही सूज केव्हापासून?”

“झालं वर्ष दीड वर्ष. वय झालं, फादर. दिवसभर उभं राहणं होतं. सकाळी उतरते थोडी.”

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. माझ्या तोंडून पुढचा प्रश्न निघाला तो असा : “काका, घेता का हो कधी?” त्यांचा चेहरा उतरला. जन्मात दारूला न शिवलेला हा मनुष्य. थोड्या वेळाने ते म्हणाले, “माझ्या वडिलांचेही पाय असेच सुजले होते. मग पोट वाढलं. ते गेले तेव्हा सारं गाव म्हणालं, दारूनं गेला. त्यांनीही कधी घेतली नव्हती. आता माझ्या धाकट्या मुलीचं जमवतो आहोत. म्हणून बोललो नाही कुणाला.” सूज दिसू नये म्हणून ते वर्षभर पायमोजे घालीत होते, आणि दुखते म्हणून गावातल्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात होते. या गोळ्यांविषयी पुढे सांगेन.

इंदूरला महाराजा यशवंतराव रुग्णालयात तपासण्या झाल्या. निदान निघाले यकृताचे. यकृत आकसून, गाठाळ होऊन कठीण झाले होते. डॉक्टर या अवस्थेला सिरोसिस म्हणतात. कारण होते ‘हेपटायटिस बी’ या विषाणूचे, बहुधा बालपणापासून रक्तात घर करून राहिलेले संक्रमण.

यकृत उजव्या बरगड्यांच्या आत, आणि सूज पायांवर, हे कसे काय? मी काही वैद्य नव्हे. परंतु त्या वर्षी डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपल्या भाषेत मांडतो. आपण बोलताना ‘काळीज’ म्हणतो ते बहुधा हृदयाला उद्देशून. खाटकाच्या दुकानात मात्र कलेजी मागितली तर यकृतच मिळते. हे यकृत रक्तासाठी आल्ब्युमिन नावाचे एक प्रथिन तयार करीत असते. रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवणे हे त्या प्रथिनाचे एक काम. यकृत थकले की आल्ब्युमिन घटते आणि पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागते. त्यात दुसरी अडचण अशी, की आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी जी मोठी शीर आहे, तिला कठीण झालेल्या यकृतात वाट मिळत नाही आणि तिच्यातला दाब वाढतो. त्यामुळे शरीरातील रक्ताभिसरणाचा तोल असा काही बिघडतो, की मूत्रपिंडांना रक्त कमी पडते आहे असा भास होतो आणि ती मीठ व पाणी बाहेर टाकण्याऐवजी साठवून ठेवू लागतात. साठलेले पाणी पोटात उतरते. त्यालाच आपले जुने लोक जलोदर म्हणत. उभ्या माणसाचे पाणी साहजिकच खाली, पावलांत आणि घोट्यांत जमते. म्हणून सायंकाळी सूज अधिक आणि रात्रभर आडवे पडल्यावर सकाळी कमी. सकाळी उतरते म्हणून ती निरुपद्रवी, हा समज खरा नव्हे.

नडगीवरील निळ्या डागांचे कारणही तेच. रक्त गोठविणारे बहुतेक पदार्थ यकृतातच तयार होतात, आणि वाढलेली प्लीहा रक्तातील बिंबाणू अडवून ठेवते. मग खाटेच्या कडेचा साधा ठोसाही डाग उमटवून जातो. रात्री पोटऱ्यांत गोळे येणे, मांड्यांचे मांस झडणे याही यकृताच्या रोग्यांत नेहमी आढळणाऱ्या गोष्टी होत. यात एक फसगत आहे. मांस झडते तेवढे पाणी भरते, त्यामुळे तराजूवर वजन तेच राहते किंवा वाढते. “काका जाड झाले” असे म्हणून घरची मंडळी समाधान मानीत होती. पित्ताचा मार्ग अडला तर खाजही सुटते. ती तळहात व तळपाय येथे आणि रात्री अधिक जाणवते, अंगावर पुरळ मात्र दिसत नाही. अशा खाजेवर महिनोन्‌महिने मलम चोळीत बसण्यात अर्थ नसतो.

आता हे वाचून कोणी आपल्या आजीचा पाय दाबून पाहील आणि घाबरून जाईल, तर थांबा. पाय सुजण्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांत यकृताचा क्रमांक काही पहिला नव्हे. हृदय दुर्बळ झाले की पाय सुजतात, पण त्यासोबत चालताना दम लागतो आणि रात्री उशी उंच घ्यावी लागते. मूत्रपिंडांच्या विकारात सकाळी डोळ्यांभोवती सूज येते आणि लघवीला फेस येतो. पंडुरोग, थायरॉइडचा विकार, हत्तीरोग, फुगलेल्या शिरा, गरोदरपण, इतकेच काय, रक्तदाबासाठी दिलेली एखादी गोळीसुद्धा पाय सुजविते. यकृताची सूज बहुधा दोन्ही पायांवर सारखी असते आणि तिच्या मागेपुढे पोटही वाढू लागते. कमरेचा करदोटा किंवा लुगड्याची गाठ घट्ट होऊ लागते, डोळे पिवळे दिसतात, भूक मरते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर ते निराळे प्रकरण आहे. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि तेथे एक दिवसही वाट पाहू नये. घरी करण्याची परीक्षा सोपी आहे : घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दाबून दहा-पंधरा अंक मोजावे आणि उचलावा. खळगा राहिला तर डॉक्टरकडे जावे. कारण शोधणे हे त्यांचे काम, आपले नव्हे. आणि शेजाऱ्यांचे तर मुळीच नव्हे.

शेजाऱ्यांचा उल्लेख मुद्दाम केला. मद्याने यकृत नासते, हे निर्विवाद आहे. मोहाच्या दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत. परंतु “पाय सुजले, पोट आले, म्हणजे पीत असणार” हा जो झटपट न्याय आपण देतो, त्याने किती माणसे तोंड लपवून बसतात! अन् यकृत बिघडविणाऱ्या गोष्टी किती तरी आहेत. त्यांपैकी तीन हकिगती आपल्या अवतीभोवतीच घडलेल्या आहेत. त्या सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

इंदूरहून पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरवर झाबुआ. त्याच्या सीमेपलीकडे राजस्थानचा बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल हे जिल्हे. आजचा दाहोद जिल्हा तेव्हा पंचमहालातच होता. सारा मुलूख भिल्लांचा आणि मक्याचा. १९७४ च्या पावसाळ्याअखेर अवेळी पाऊस आला आणि मक्याची कणसे भिजली. ती नीट वाळविण्यास सवड नव्हती, कोरडी जागा नव्हती, आणि पूर्वीच्या अवर्षणांमुळे घरात दुसरे धान्यही नव्हते. कणसांवर पिवळसर हिरवी बुरशी चढली. तोच मका दळून लोकांनी भाकरी केल्या. काही आठवड्यांतच माणसे आजारी पडू लागली. आधी ताप, वांत्या, अन्नावरची वासना गेलेली; मग डोळे पिवळे; आणि त्यापाठोपाठ पोटात पाणी व पायांवर सूज. दीडशेहून अधिक खेड्यांत हे लोण पसरले. ३९७ माणसे आजारी पडली, त्यांतली १०६ दगावली. विलक्षण गोष्ट अशी, की त्याच घरांतली कुत्रीही तशीच पोटे फुगून मेली, कारण त्यांना तीच भाकरी मिळत होती. एखाद्या संसर्गाने माणसे आणि कुत्री अशी एकाच वेळी, एकाच रीतीने आजारी पडणे विरळा. तेव्हा संशय अन्नाकडे वळला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आदी संशोधकांनी मक्याचे नमुने तपासले. त्यांत त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष एका किलोत सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम निघाले. आज आपल्या देशात धान्यासाठी जी मर्यादा ठरविलेली आहे, तिच्या हे शेकडो पट होते. १९७५ साली त्यांचा निबंध लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही भिल्लांची खेडी जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेली.

ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की हे विष शिजवून, भाजून जात नाही. बुरशी झटकली, मका धुतला, तरी विष दाण्यात राहते. शेंगदाण्यांचेही तेच. काळवंडलेला, कडवट शेंगदाणा गिळू नये, थुंकून टाकावा. आपल्या माय-बहिणी काटकसरीपायी बुरसटलेले धान्य “गुरांना नको, आपणच निवडून खाऊ” असे म्हणतात, तेव्हा मला बांसवाड्याची ती कुत्री आठवतात. गुरांनाही ते घालू नये. विषाचा अंश दुधात उतरतो. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होतो, आणि ज्याच्या रक्तात आधीच हेपटायटिस बी आहे, त्याला तो धोका अनेक पटींनी अधिक.

दुसरी हकिगत सरगुजाची. हा जिल्हा २००० सालापर्यंत आपल्या मध्य प्रदेशातच होता, आता छत्तीसगडात आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील खेड्यांत माणसांची पोटे पाण्याने फुगू लागली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. बी. एन. टंडन व त्यांचे सहकारी यांनी तपास केला. तेथील लोक गोंदली नावाचे बारीक धान्य खात. त्यात शेतातील एका तणाचे बी मिसळलेले आढळले. ते तण आपल्याकडील खुळखुळ्याच्या जातीचे. वाळलेली शेंग हलविली की वाजते म्हणून मुले तिच्याशी खेळतात ना, तोच खुळखुळा. त्या बियांतील विषाने यकृतातल्या बारीक शिरा बंद होऊन जातात. धान्य पाखडून, निवडून घेण्याचे आपल्या आज्यांचे काम किती मोलाचे होते, हे अशा वेळी कळते.

आणि तिसरी पुण्याची. जुन्या पिढीला आठवत असेल, की दीड-दोन वर्षांची गुटगुटीत मुले अकस्मात चिडचिडी होत, पोट वाढे, यकृत दगडासारखे हाताला लागे, आणि काही महिन्यांत मूल हाती लागत नसे. एकाच घरात पाठोपाठ दोन-तीन मुले जात. लोक शाप म्हणत, दृष्ट म्हणत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी या घरांतील दुधाची भांडी पाहिली. त्यांचा निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. आईचे दूध लवकर तोडून या बाळांना गाईम्हशीचे दूध दिले जात होते, आणि ते तापविले व ठेवले जाई पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात, तेही कल्हई नसलेल्या. तांबे दुधात उतरते आणि बाळाच्या कोवळ्या यकृतात साठत जाते. पितळेची जागा स्टेनलेस पोलादाने घेतली तसतसा हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. तांब्याच्या भांड्यातील पाण्याचे हल्ली पुष्कळ कौतुक ऐकू येते. मोठ्यांनी पाणी प्यावे न प्यावे, तो वाद मी येथे उकरीत नाही; बाळाचे दूध मात्र त्यात ठेवू नये.

असो. पुन्हा आमच्या काकांकडे वळू. हेपटायटिस बी कशाने होतो हे कळले तेव्हा घरात भीतीचा एक निराळाच अंक सुरू झाला. कोणी त्यांचे ताट वेगळे केले, कोणी पेला. एका बाईंनी मला विचारले, “फादर, मिस्सात ते आमच्या बाकावर बसले तर चालेल का?” चालेल, बाई. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, हात मिळविल्याने, खोकल्याने पसरत नाही. तो रक्तातून जातो : न उकळलेल्या सुईतून, न्हाव्याच्या वस्तऱ्यातून, गोंदणाच्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, पति-पत्नीच्या संबंधातून, आणि सर्वांत अधिक म्हणजे प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला. बालपणी लागला तर तो बहुधा जन्मभर मुक्काम करतो आणि तीस-चाळीस वर्षे एका शब्दाने बोलत नाही. काकांच्या वडिलांना काय झाले होते, हे आता कळण्याचा मार्ग नाही. परंतु गावाने मयत माणसावर मारलेला तो शिक्का बहुधा खोटा होता, एवढे तरी काकांना कळले. ते ऐकून ते डॉक्टरांच्या समोरच रडले, असे त्यांचा मुलगा सांगत होता.

घरातील सर्वांची तपासणी झाली. पत्नी व मुलगी निर्दोष निघाल्या; त्यांना लस दिली. थोरला मुलगा बाधित निघाला. पाय सुजले नव्हते, पोट दुखत नव्हते, शेतात दोन माणसांचे काम एकटा करीत होता. त्याचे यकृत अद्याप चांगले आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी होते. सून तेव्हा गरोदर होती. तिला बाधा नव्हती. बाळाला जन्मल्याबरोबर चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस मिळाला. ही लस सरकारी लसीकरणात सर्व राज्यांत २०११ पासून आहे, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हेपटायटिस बी व सी यांची तपासणी आणि औषधे नेमलेल्या सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. सी प्रकारचा विषाणू तर हल्ली बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांच्या शरीरातून निघून जातो. बी जात नाही, परंतु रोजच्या एका गोळीने दबून राहतो.

काकांची सूज उतरली, ती लघवी अधिक करविणाऱ्या औषधांनी आणि मीठ तोडल्याने. मीठ तोडणे हेच त्यांना अधिक कठीण गेले. माळव्याच्या माणसाला पोह्यांवर शेव नको म्हणणे म्हणजे काय, हे इंदूरकरांनाच कळेल! लोणचे, पापड, शेव, फरसाण, बाजारची पाकिटे या सर्वांत मीठ दडलेले असते; वरून घातलेले दिसते, तेवढेच नसते. आणखी एक जुना समज त्यांच्या घरात होता, की कावीळ किंवा यकृताचा रोग म्हणजे डाळ, अंडे, दूध सारे बंद आणि केवळ उसाचा रस व भाताची पेज. डॉक्टरांनी हे मोडून काढले. मांस झडत चाललेल्या रोग्याला प्रथिने अधिक लागतात, आणि रात्री फार वेळ उपाशी ठेवणेही बरे नव्हे. झोपण्यापूर्वी काहीतरी खावे. उपवासकाळाविषयी त्यांनी मला विचारले तेव्हा मी सांगितले, की आजारी माणसावर उपवासाचे बंधन ख्रिस्तसभेने कधीच घातलेले नाही.

आता त्या वेदनाशामक गोळ्या. सुजलेला पाय ठणकतो म्हणून दुकानातून घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या अशा रोग्याच्या मूत्रपिंडांना बंद पाडू शकतात आणि पोटात रक्तस्रावही घडवितात. काका वर्षभर त्या खात होते. निभावले, ही देवाची कृपा. तेच नाव न सांगता विकल्या जाणाऱ्या भुकट्यांचे आणि ‘यकृतशुद्धी’च्या बाटल्यांचे. बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, पोट फुगलेले असताना ताप व दुखणे, दिवसा झोप आणि रात्री जागरण होऊन बोलण्यात भ्रम, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. वाहन मिळेल ते करून मोठे रुग्णालय गाठावे.

यकृत अगदीच निकामी झाले तर दुसरे बसविण्याची शस्त्रक्रिया असते. खर्च मोठा, दाते थोडे. इंदूर शहराने २०१५ पासून या बाबतीत नाव कमावले आहे : मेंदू मृत झालेल्या दात्याचे अवयव नेण्यासाठी पोलिस रस्ता मोकळा करतात आणि रुग्णवाहिका न थांबता विमानतळावर किंवा दुसऱ्या रुग्णालयात जाते. मरणोत्तर अवयवदान आपल्या धर्माला मान्य आहे, हे अजूनही कित्येक कुटुंबांना ठाऊक नसते, म्हणून येथे लिहून ठेवतो.

काकांच्या मुलीचे लग्न गेल्या वर्षी आमच्याच देवळात झाले. वराच्या वडिलांना काकांनी आपल्या आजाराचे आधीच सांगितले होते, ते म्हणाले, “आमच्या घरीही सर्वांची तपासणी करून घेऊ.” यंदाच्या पवित्र गुरुवारी बारांची नावे काढताना काका स्वतः आले आणि म्हणाले, “फादर, मला बसवा. पायमोजे काढून ठेवलेत.” मी पाय टिपताना अंगठा पुन्हा दाबून पाहिला. थोडा खळगा पडला, आणि मी तेथे असतानाच भरून आला.